धावपट्टीच्या कडेचे दिवे

30 जानेवारी 1949 रोजी देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत जात. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळणमंत्री होते. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र सकाळी कलकत्त्याला पोहोचावे, हा त्यांचा ध्यास. सुरुवातीला कंपनी बदलली, थोडा खंडही पडला, पण सेवा 1973पर्यंत टिकली. तिची किंमतही मोजावी लागली. 12 डिसेंबर 1953च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे उडालेले डकोटा कोसळले आणि 13 जण गेले. कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री त्यांतलेच.

या सेवेतल्या वैमानिकांचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. पण भर पावसाळ्यात, ऐन थंडीत, दर रात्री ती धावपट्टी उजळलेली ठेवणाऱ्या माणसांची आठवण कोण काढतो? छोट्या विमानतळाचा विषय निघाला की मला आधी तीच माणसे आठवतात.

बीड जिल्ह्यात आजही प्रवासी विमानतळ नाही. 1948पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रे आणून त्याच राज्यातल्या बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवत होता. म्हणजे या मुलखाला रात्रीच्या विमानाची ओळख झाली ती बंदुकांमुळे. टपाल किंवा औषध घेऊन रात्री उतरणारे विमान बीडकराने आपल्या जिल्ह्यात अजून पाहिलेले नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातून एखादा रुग्ण पुढे हलवायचा झाला, तर रात्री हाताशी रस्ताच असतो. बीडला धावपट्टी हवी, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. मात्र डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या छोट्या विमानांना आपल्याकडे सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांनी मुभा संपते. दिव्यांवाचूनची धावपट्टी दिवस मावळला की निरुपयोगी.

हे दिवे असतात तरी कसे? कडेला पांढरे, सुरुवातीला हिरवे, शेवटाला लाल आणि टॅक्सीवेच्या कडेला निळे. उतरण्याच्या जागेशेजारी चार दिव्यांची आडवी रांग असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान योग्य उतारावर आहे, चारही लाल दिसले तर ते धोकादायकरीत्या खाली आले आहे. वैमानिक दिव्यांच्या तेजावरूनही अंतराचा अंदाज घेतो, म्हणून पहिला आणि शेवटचा दिवा सारख्याच तेजाने जळायला हवा. घरातल्यासारखी समांतर जोडणी केली तर लांबच्या टोकाला विजेचा दाब कमी होतो आणि दिवा मंदावतो. त्यासाठी सगळे दिवे एकाच माळेत ओवतात आणि एक नियामक यंत्र त्या माळेतला प्रवाह पूर्ण तेजाला 6.6 अँपिअरवर स्थिर धरून ठेवते. दिवाळीच्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ विझते. इथे तसे होऊन चालत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला जमिनीखाली स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. दिवा गेला तरी प्रवाह पुढे वाहत राहतो.

ही सोय उत्तमच, पण एक धोका ती घेऊन येते. एकेक दिवा गेला तरी माळ चालूच राहते, त्यामुळे कोणी रोज चालत जाऊन पाहिले नाही तर पट्टी हळूहळू आंधळी होते. यंत्रांच्या मदतीने विमाने उतरवणाऱ्या विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय दंडक असा, की कडेचे किमान 85 टक्के दिवे चालू हवेत आणि लगतचे दोन दिवे एकाच वेळी बंद नकोत. सलग दोन दिवे विझले की वैमानिकाला कडेची रेघ तुटल्यासारखी दिसते.

दिवस मावळायच्या आधीची फेरी म्हणजे देखभालीचा गाभा. काचेवरची धूळ पुसायची, पाणी शिरले का बघायचे, दिवा झाकणारे गवत कापायचे. दिवा मुद्दामच सहज मोडणाऱ्या खांबावर बसवलेला असतो. विमानाचे चाक लागले तर खांब मोडावा, विमान वाचावे. त्यामुळे ट्रॅक्टर किंवा जनावराचा धक्का लागला तरी तो तिरका होतो, आणि तिरका दिवा चुकीच्या दिशेला उजेड टाकतो. नंतर मेगर नावाचे मापक यंत्र लावून केबलचे इन्सुलेशन मोजायचे. मराठवाड्याच्या काळ्या मातीत हे काम दुप्पट जड. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि दोन्ही वेळा केबलचे सांधे ओढले जातात. उंदरांचे दात वेगळेच. पावसाळ्यात दिव्यांवर किडे जमतात आणि त्यांच्यामागे पाखरे येतात. हीसुद्धा वायरमनचीच डोकेदुखी.

गावाने मनावर घेतले की काय होते, याचे दाखले दूरदेशीचे आहेत. ऑक्टोबर 1934मध्ये लंडन–मेलबर्न शर्यतीतले ‘उइव्हर’ हे डच विमान वादळात वाट चुकले. ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरी गावाने रस्त्यांवरचे दिवे चालू-बंद करून मोर्सच्या खुणांनी आपले नाव आकाशाला सांगितले. रेडिओवरून हाक गेली, लोक मोटारी घेऊन घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर आले आणि मोटारींच्या उजेडात विमान उतरले. सकाळी त्याच लोकांनी ते चिखलातून ओढून काढले. त्याच देशात 1928पासून चाललेल्या उडत्या डॉक्टरसेवेसाठी दूरच्या वस्त्यांवरचे लोक रॉकेलचे टेंभे लावून पट्टी उजळत. ऑगस्ट 2019मध्ये अलास्कातल्या इगिउगिग या जेमतेम सत्तर वस्तीच्या गावात रुग्णासाठी विमान आले आणि धावपट्टीचे दिवे लागेनात. गावकऱ्यांनी गाड्या कडेला उभ्या करून हेडलाइट पेटवले, विमान उतरले, रुग्ण गेला.

असे दाखले वाचून ऊर भरून येतो, आणि आपल्या गावांतही ती माया आहे याबद्दल मला शंका नाही. पण हेडलाइटच्या उजेडावर व्यवस्था उभी राहत नाही. आपल्याकडे इमारत, कमान आणि कोनशिलेला पैसे मिळतात, पुढच्या वीस वर्षांच्या केबल, काचा आणि जनरेटरच्या डिझेलला मिळत नाहीत. बीडच्या धावपट्टीचा आराखडा मांडणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे: पहिल्या अंदाजपत्रकातच दिव्यांच्या देखभालीचे स्वतंत्र कलम ठेवा, आणि जिल्ह्यातल्या आयटीआयमधून वीजतंत्रीचे शिक्षण घेतलेल्या चार तरुणांना या कामाचे रीतसर प्रशिक्षण देऊन कायम नोकरीवर घ्या.