पेट्रोल पंपावरचं बिनतारी पेमेंट : मशीन पक्कं आहे, नजर आपली हवी

धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराई असो, बीड असो की मांजरसुंबा, पंपावर गाडी लागली की प्रश्न ठरलेला, "भाई, कॅश की ऑनलाइन?" ट्रक-टेम्पोचे ड्रायव्हर, फळविक्रेते, कॉलेजची मुलं, सगळेच स्कॅन करून पुढे निघतात. 2016 च्या नोटबंदीनंतर पंपांवर कार्डाचा वापर वाढला. त्याच वर्षी आलेलं यूपीआय पुढे घराघरांत पोहोचलं. तरी वडीलधाऱ्यांच्या मनात धाकधूक असतेच. हवेतून जाणारे पैसे मध्येच कुणी पळवले तर?

पैसे जातात कसे?

पंपावरच्या हातातल्या मशीनमध्ये आपल्या मोबाइलसारखंच सिम कार्ड असतं, काही ठिकाणी वाय-फाय असतं. म्हणून ते वायरीशिवाय थेट गाडीजवळ आणता येतं. चिपचं कार्ड मशीनला लावलं की चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक क्रमांक तयार करते. तो एकदाच चालतो. पिनसुद्धा मशीनच्या आतच सांकेतिक भाषेत बदलून पुढे जातो. वाटेत कुणी तो संदेश पकडला, तरी त्याला काहीच वाचता येत नाही.

काही पंपांवर हे मशीन तेल सोडणाऱ्या यंत्राशीच जोडलेलं असतं. जेवढं तेल भरलं, तेवढीच रक्कम आपोआप मशीनवर येते. जिथे अशी जोडणी नाही, तिथे कर्मचारी रक्कम हाताने टाकतो. घाईत 500 च्या जागी 5000 पडायला वेळ लागत नाही.

मग धोका कुठे?

धोका बहुतेक वेळा आपल्या घाईत असतो. या गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा :

- चिकटवलेल्या क्यूआरवर दुसराच स्टिकर लावून फसवणूक होऊ शकते. स्कॅन केल्यावर पंपाचं नाव दिसतंय का ते बघा, मगच पिन टाका. मशीनच्या पडद्यावर रकमेसह येणारा क्यूआर जास्त सुरक्षित.
- नुसतं टेकवून चालणाऱ्या कार्डातून 1 जानेवारी 2021 पासून 5000 रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जाऊ शकतात. ही सोय नको असेल तर बँकेच्या ॲपमधून बंद करता येते.
- पिन स्वतः टाका. पंपावरच्या मुलाला किंवा सोबत्याला तोंडी सांगू नका. पैसे परत मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही.
- नोझल चालू असताना मोबाइल काढू नका. तेल भरून झाल्यावर, थोडं बाजूला होऊन पैसे द्या.

पैसे कापले, पण पंपाला मिळाले नाहीत तर?

रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार दुकानदाराला केलेलं असं अडकलेलं पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवं. उशीर झाला तर बँकेने दररोज 100 रुपये भरपाई द्यायची असते. म्हणून पंपावर वाद घालत बसण्यापेक्षा व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

फसवणूक झाली तर लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. बँकेची किंवा आपली चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि 3 कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पण पिन आपणच सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान आपलंच.

फटका पंपवाल्यांनाही बसतो. फसवणुकीच्या पैशातून कुणी डिझेल भरलं, तर तपासात पंपाचं खातं गोठवलं जातं. याच त्रासामुळे मे 2025 मध्ये विदर्भासह राज्याच्या काही भागांतील पंपचालकांनी डिजिटल पैसे घेणं बंद करण्याचा इशारा दिला होता.

हिशेब ही अमानत आहे

आपल्यातले कितीतरी तरुण दुसऱ्याची गाडी चालवतात. मालकाने डिझेलसाठी दिलेला पैसा ही अमानत असते. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. पंपाची पावती आणि मोबाइलमधली नोंद हे आजचं लिहिलेलंच आहे. लिटर, दर, रक्कम, तारीख सगळं त्यात असतं. उद्या मालकाने हिशेब विचारला तर कसम खायची वेळ येत नाही, पावती पुढे केली की झालं.

तेव्हा पुढच्या वेळी पंपावर अर्धा मिनिट जास्त थांबा. नाव बघा, रक्कम बघा, पावती घ्या आणि मगच गाडीला किक मारा.