'कुंकू' आणि पार्श्वसंगीताचा त्याग

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या आणि १९३३ साली पुण्यास बिऱ्हाड हलविलेल्या प्रभात फिल्म कंपनीची थोरवी सांगताना दिग्दर्शकांची नावे सर्रास घेतली जातात. परंतु त्यांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिलेले केशवराव भोळे, जे वैद्यकीचे शिक्षण सोडून संगीताकडे वळले आणि 'एकलव्य' या टोपणनावाने मर्मग्राही समीक्षाही लिहीत असत, त्यांचा उल्लेख मात्र ओझरताच होतो, हा अन्यायच होय.

दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये भोळ्यांनी भजनाचा साधेपणा इतका सांभाळला, की शांताराम आठवल्यांनी रचलेले एक पद तुकोबांचाच अभंग म्हणून खपून गेले. पुढच्याच वर्षी व्ही. शांतारामांनी 'कुंकू' हाती घेतले आणि पार्श्वसंगीत मुळीच नको, प्रसंगातलेच स्वाभाविक ध्वनी पुरेत, असा निर्णय अमलात आला. वृद्ध वकिलाच्या घरातले घड्याळच तेथे त्याच्या सरत्या वयाचे द्योतक झाले. संगीतकाराच्या संयमाची याहून कठीण कसोटी ती कोणती?

हॉलिवूडात 'सायको'च्या (१९६०) वेळी नेमके उलट घडले. स्नानगृहातील हत्येस संगीत नको, असे हिचकॉकचे मत असताना बर्नार्ड हर्मनने केवळ तंतुवाद्यांचा तो कर्कश आक्रोश रचून ऐकविला आणि दिग्दर्शकाने मुकाट्याने मत बदलले. त्या जोडीने 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) रूढ पार्श्वसंगीताला फाटा दिला. 'कुंकू' त्याच्या २६ वर्षे आधीचे.