उलट्या खुर्चीची साक्ष

विलायतेतील लिलावगृहांच्या याद्या चाळू लागले की ‘क्वीन ॲन’, ‘चिपेंडेल’, ‘हेपलव्हाइट’, ‘शेरटन’ अशी भारदस्त नावे खुर्च्यांच्या चित्रांखाली छापलेली आढळतात, आणि या विषयाचा परिचय नसलेला वाचक साहजिकच असे समजतो की पहिली खुर्ची त्या राणीच्या कारकीर्दीत घडली असावी व उरलेल्या तिन्ही त्या त्या कारागिराच्या हातच्या असाव्यात. वस्तुस्थिती निराळी आहे. राणी ॲनने राज्य केले ते १७०२ पासून १७१४ पर्यंत. तिच्या नावाने ओळखली जाणारी घडण मात्र तिच्या निधनानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली. हेपलव्हाइटने स्वतः घडवली असे निःशंकपणे म्हणता येईल अशी एकही खुर्ची आज ज्ञात नाही, आणि त्याच्या नावाचा जो ग्रंथ प्रसिद्ध आहे तोही त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७८८ मध्ये, त्याच्या विधवेने प्रकाशित केला. शेरटन तर आराखडे काढून व रेखाटन शिकवून गुजराण करणारा गृहस्थ. १८०६ मध्ये तो निवर्तला तो दारिद्र्यातच. एखादी आकृती प्रथम केव्हा रूढ झाली एवढेच ही नावे सांगतात. समोरची खुर्ची केव्हा तयार झाली याचा निवाडा दुसऱ्याच पुराव्यावर करावा लागतो.

तरीही प्रारंभ आकृतीपासून करणे इष्ट. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सामान्य इंग्रज घरात ओकच्या जाड फळ्यांची, ताठ पाठीची खुर्ची असलीच तर ती कर्त्या पुरुषाची. इतरांनी तिवयांवर आणि बाकांवर बसावे असा रिवाज होता. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परागंदा अवस्थेतून परतला आणि त्याच्याबरोबर दरबारी शौकही परतले; अक्रोडाच्या लाकडाच्या, उंच पाठीच्या, कातीव पायांच्या आणि वेताने विणलेल्या खुर्च्या लंडनमध्ये होऊ लागल्या. हा वेत ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे पूर्वेकडून नेत असत. वेताची खुर्ची साहेबाने आपल्याला दिली असे मानणाऱ्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.

खरी क्रांती झाली ती अठराव्या शतकाच्या आरंभी. पाय सरळ न राहता गुडघ्याशी बाहेर फुगून घोट्याशी आत वळू लागला, आणि पाठीच्या मध्यभागी कलशाच्या आकाराची, बसणाऱ्याच्या कण्याला अनुसरून वाकवलेली एकच फळी आली. या फळीच्या वळणात चिनी खुर्च्यांचा प्रभाव असल्याचे तज्ज्ञ मानतात. असा पाय स्वतःच्या जोरावर उभा राहतो, म्हणून पायांना परस्परांशी बांधणारे आडवे दांडे हळूहळू नाहीसे झाले. पुढे पायाच्या टोकाशी गोळा पकडलेला पंजा कोरण्याची प्रथा पडली. पण आकृतीइतकेच महत्त्व लाकडाला आहे, आणि लाकडाच्या मागे जकातीचा कायदा उभा आहे. १७२० मध्ये फ्रान्सने अक्रोडाच्या निर्यातीस मनाई केली. त्याच्या पुढच्याच वर्षी इंग्रज पार्लमेंटाने अमेरिकेतील आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील जकात उठविली, आणि जमैकाची महोगनी लंडनच्या धक्क्यांवर उतरू लागली. महोगनी घट्ट, चिवट, किडीला सहसा दाद न देणारी आणि रुंद फळ्या देणारी. अक्रोडात जी जाळीदार कोरणी मोडून पडली असती ती महोगनीत टिकू लागली, आणि कलशाच्या भरीव फळीला हळूहळू खिडक्या पडल्या.

या जाळीदार पाठीला सर्वतोमुखी करण्याचे श्रेय टॉमस चिपेंडेलचे. यॉर्कशायरमधील ओटली गावचा हा कारागीर लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये दुकान थाटून बसला आणि १७५४ मध्ये त्याने नमुन्यांचा एक मोठा ग्रंथ काढला. चिनी जाळ्या, गॉथिक कमानी, फितीच्या गाठींसारखी नाजूक वेलबुट्टी असे सारे त्यात होते. आणि तो ग्रंथ केवळ उमरावांनीच नव्हे तर गावोगावच्या सुतारांनीही घेतल्यामुळे ब्रिटनपासून अमेरिकेपर्यंत ‘चिपेंडेल’ खुर्च्यांचे अमाप पीक आले. चिपेंडेल आपल्या मालावर शिक्का मारीत नसे. पॅरिसमध्ये त्याच सुमारास कारागीरसंघाच्या नियमानुसार प्रत्येक उस्तादाला नाव ठोकावे लागे. इंग्लंडात तशी सक्ती नव्हती. त्यामुळे नॉस्टेल प्रायरी, हेअरवुड हाउस, डमफ्रीस हाउस अशा ज्या वाड्यांच्या दप्तरांत त्याच्या बिलांचे कागद जपून राहिले, तेथील सामानच तेवढे निर्विवादपणे त्याचे ठरते. एका अर्थी वाड्यावरच्या कारकुनानेच चिपेंडेलची कीर्ती राखली.

पुढील टप्पे थोडक्यात सांगता येतात. १७७० नंतर पाय सरळ आणि खाली निमुळता झाला. ढालीच्या आकाराची पाठ दिसली की हेपलव्हाइटचे नाव घ्यावे, चौकोनी पाठीत उभ्या पट्ट्या दिसल्या की शेरटनचे. एकोणिसाव्या शतकाच्या उदयाबरोबर प्राचीन ग्रीकांचे वेड आले आणि पाय तलवारीसारखा मागेपुढे वळला. व्हिक्टोरियाच्या काळात पाठ फुग्यासारखी गोल आणि बैठक स्प्रिंगांनी गुबगुबीत झाली. १८५९ मध्ये मिखाएल थोनेटने वाफेने वाकवलेल्या बीचच्या दांड्यांची, सहा भागांची, स्क्रूंनी जुळणारी आपली चौदा क्रमांकाची खुर्ची काढली. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. मुंबईच्या इराण्यांच्या हॉटेलांतील वाकीव लाकडाच्या खुर्च्या याच कुळातल्या. मात्र त्या साऱ्या थोनेटच्या समजू नयेत, कारण १८६९ मध्ये त्याचा एकाधिकार संपताच इतर कारखान्यांनीही तोच माल काढला. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूचा शिक्का किंवा चिठ्ठी पाहिल्याखेरीज बोलू नये.

घोटाळा होतो तो येथेच. व्हिक्टोरियाच्या उत्तरकाळात जुन्या आकृतींचा पुन्हा शौक सुरू झाला आणि चिपेंडेलच्या ढंगाच्या खुर्च्या कारखान्यांतून निघू लागल्या. आपल्याकडे मुंबईच्या कारागिरांनीही एकोणिसाव्या शतकात भरगच्च कोरणीच्या शिसवी खुर्च्या केल्या. त्यांत पाश्चात्य घडणीला देशी वेलपत्तीची जोड आढळते, आणि त्यांचा मुलूख आकृतीपेक्षा लाकडाच्या वजनावरून अधिक चटकन कळतो.

तेव्हा खुर्ची उलटी करावी. पुढचा भाग दाखविण्यासाठी असतो, खालचा भाग कोणी पाहील अशी कारागिराची अपेक्षा नसते, म्हणून तो खरे बोलतो. बैठकीच्या चौकटीच्या आतल्या अंगावर हातरंध्याच्या किंवा हातकरवतीच्या सरळ, किंचित वेड्यावाकड्या खुणा असाव्यात. एकसारख्या कमानीसारख्या रेघा दिसल्या तर ते लाकूड यांत्रिक गोल करवतीने कापले आहे, आणि अठराव्या शतकाचा दावा तेथेच निकालात निघाला. हाताने केलेल्या जुन्या स्क्रूचे टोक बोथट असते व डोक्यावरची खाच बहुधा मध्यापासून ढळलेली. अणकुचीदार, नेटक्या आट्यांचा स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, फक्त तो मागाहून दुरुस्तीत बसविला नाही याची शहानिशा करावी. लाकूड वर्षानुवर्षे आडवे आकसते, उभे जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे कातीव पाय दोन दिशांनी मोजला तर किंचित लंबगोल भरतो, आणि सांध्यात ठोकलेली खुंटी पृष्ठभागाच्या वर बोटाला लागते. झीजही तर्काला धरून हवी. पुढचा आडवा दांडा जेथे टाचा टेकतात तेथे झिजलेला असावा, हात जेथे तळवा विसावतो तेथे. चारही बाजूंनी सारखी झीज ही वापराची नसून कानसपट्टीची असते. किडीच्या भोकांनी भाबड्या गिऱ्हाइकाची खात्री पटते खरी, परंतु कीड बाहेर पडते ती छोट्या गोल भोकातून आणि लांब बोगदे पोखरते ती आतल्या आत. ते बोगदे पृष्ठभागावर पन्हळीसारखे उघडे पडलेले दिसले तर कुणीतरी आधीच किडलेले जुने लाकूड नव्याने कापून वापरले आहे असे खुशाल समजावे.

एकाच संचातील खुर्च्या घेताना आणखी एक सावधगिरी लागते. चौकट आणि तीत बसणारी सुटी गादी यांची अदलाबदल होऊ नये म्हणून जुने कारागीर दोहोंवर पटाशीने रोमन अंक कोरीत. संच सहांचा असेल तर एक ते सहा हे अंक जोडीने जुळावेत. सहांचा संच आठांचा झाला की किंमत बरीच चढते हे काही व्यापाऱ्यांना फार पूर्वी उमगले; त्यांनी सहा अस्सल खुर्च्या सोडवल्या, प्रत्येकीतला एकेक भाग काढून तेथे नवा बसवला, आणि काढलेल्या भागांना नव्या लाकडाची जोड देऊन आणखी दोन खुर्च्या उभ्या केल्या. अशा संचात निखालस खोटी खुर्ची एकही सापडत नाही आणि निखालस खरीही नाही, म्हणून पारखी माणूस आठही खुर्च्या ओळीने उलट्या मांडून प्रत्येकीचा तोच पाय, तोच दांडा, तीच पट्टी एकीशेजारी एक पाहत जातो.