धोत्र्याच्या धुरापासून पंपापर्यंत

मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्या चाळीत, वस्तीत एक आवाज हमखास ऐकू येतो. रात्री दोन-अडीचच्या सुमाराला कुणीतरी भिंतीला टेकून उठून बसते, खांदे वरखाली होतात, छातीतून शिटीसारखी घरघर निघते. घरातली माणसे जागी होतात. कुणी पाठ चोळतो, कुणी गरम पाणी पुढे करतो. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप मात्र कपाटात पडून असतो. का? तर ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’, ‘त्यापेक्षा पूर्वीचे वैद्य देत होते तेच खरे’. कार्यकर्ते म्हणून घरोघरी फिरताना हे इतक्यांदा कानावर पडले की पूर्वीचे वैद्य नेमके काय देत होते ते एकदा बघावेच असे आम्ही ठरवले. आम्ही डॉक्टर नव्हेत, हिशेबाच्या वह्या लिहिणारे कारकून आहोत. तेव्हा जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू मांडतो.

आधी दमा म्हणजे काय ते थोडक्यात. फुप्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. दमेकऱ्याच्या या नळ्यांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंडी, सर्दी असे काही निमित्त झाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि हवा आत जाण्यापेक्षा बाहेर पडायला जास्त त्रास होतो. सूज आणि आवळ या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हे ज्ञान जुन्या वैद्यांना नव्हते. पण रोग्याकडे बघण्याची त्यांची नजर तीक्ष्ण होती. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला ‘तमक श्वास’ वाचला तर शेजारच्या खोलीतल्या आजोबांचेच वर्णन वाटावे. आडवे पडले की त्रास वाढतो, बसले की बरे वाटते, ऊन ऊन हवेसे वाटते, ढग आले, पाऊस आला, पूर्वेचा वारा सुटला की जोर होतो, कफ सुटला की घटकाभर आराम पडतो. आजार नवा असेल तर बरा होईल, जुना झाला की फक्त आटोक्यात ठेवता येईल, हेही तिथे सरळ सांगितलेले आहे. ‘मुळापासून घालवतो’ अशी पाटी लावून बसणाऱ्यांनी निदान एवढे तरी वाचावे. उपाय काय? छातीला मीठ घातलेले तेल चोळणे, शेक देणे, उलटी करवणे आणि औषधी वातीचा धूर ओढणे. त्या वातीत हळद, एरंडमूळ, लाख, देवदार असे आणि त्याबरोबर मनशीळसुद्धा. मनशीळ म्हणजे सोमलाचे खनिज, चक्क विष. जुने म्हणजे निर्धोक, हा समज इथेच खोटा ठरतो.

औषध पोटात न देता श्वासावाटे द्यायचे, ही युक्ती त्याहूनही जुनी आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या एका वैद्यकीय पोथीत दगड तापवून त्यावर औषध टाकायचे, वर भोक पाडलेले भांडे पालथे घालायचे आणि भोकात बोरू खोचून वाफ ओढायची, असा उपाय दिलेला आहे. आपल्या विनयपिटकातल्या महावग्गातही औषधी धूर ओढण्याची गोष्ट येते. पिलिंदवच्छ स्थविरांच्या डोक्याला ताप होता. वात ओढताना घसा भाजू लागला, तेव्हा भगवंतांनी धूर ओढण्यासाठी नळी वापरायला परवानगी दिली. नळीत किडे शिरू लागले म्हणून झाकणालाही दिली. हा उपाय दम्यासाठी नव्हता हे खरे. पण अडचण दिसली की साधन सुधारायचे, ही रीत लक्षात घेण्यासारखी आहे.

आता थोडे परदेशात जाऊ. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये मैमोनिदीस नावाचे यहुदी वैद्य होते. राजघराण्यातल्या एका दमेकरी रोग्यासाठी त्यांनी अरबीत एक ग्रंथच लिहिला. त्यात जादूचे औषध नाही. बेताने खा, स्वच्छ हवेत राहा, झोप नीट घ्या, कोंबडीचे पातळ सूप घ्या, असा साधा सल्ला आहे. १५५२ साली इटलीचे कार्दानो हे वैद्य स्कॉटलंडचे आर्चबिशप हॅमिल्टन यांना तपासायला थेट एडिंबरोला गेले. त्यांनी पथ्यपाणी बदलले, आणि अंथरुणातली पिसांची गादी-उशी काढून टाकायला लावली. आर्चबिशप सुधारले. पिसांनी उष्णता वाढते आणि मेंदूतले पाणी फुप्फुसात उतरते, असा कार्दानोंचा तर्क होता. तर्क साफ चुकीचा, पण पिसे काढली ते बहुधा बरोबर.

पण आम्हाला या सगळ्यांत जवळचे वाटले ते इटलीचेच बर्नार्दिनो रामाझिनी. मोडेना शहरात त्यांच्या घराची शौचकुंडी उपसायला एक कामगार आला होता. तो जीव तोडून घाई करत होता. रामाझिनींनी विचारले, एवढी घाई का? तो म्हणाला, इथे जास्त वेळ थांबले तर डोळे जातात. दुसरा एखादा नाकाला रुमाल लावून निघून गेला असता. रामाझिनींनी त्याचे डोळे तपासले, शहरातल्या त्याच कामाच्या इतर माणसांची चौकशी केली, आणि पुढे पन्नासच्या वर धंद्यांतल्या कामगारांचे आजार लिहून काढले. १७०० साली ते पुस्तक निघाले. त्यात धान्य चाळणारे आहेत, चक्कीवाले आहेत, पाव भाजणारे आहेत, ताग-अंबाडी पिंजणारे आहेत. धान्याची धूळ छातीत जाऊन हमालांना धाप लागते, पीठवाले तोंडाला फडके बांधतात तरी पीठ आत जातेच, असे त्यांनी नोंदले आहे. वैद्याने गरिबाच्या घरी गेल्यावर पुढ्यातल्या स्टुलावर बसावे आणि नेहमीच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवावा, ‘तू काम काय करतोस?’, असा त्यांचा आग्रह होता. गिरणीत, गोदामात, खडी क्रशरवर, भंगाराच्या दुकानात राबणाऱ्या आपल्या माणसाला आजही हा प्रश्न दवाखान्यात दर वेळी विचारला जातो का? नसेल तर आपणच होऊन सांगावे. औषध तेच राहील कदाचित, पण आजाराचे कारण तरी कळेल.

खर्चाची बाजू आता पटकन उरकतो, कारण ती वाचवत नाही. रोम्यांच्या काळापासून कोल्ह्याचे फुप्फुस औषध म्हणून खाऊ घालत, कारण काय तर कोल्हा पळताना दमत नाही. सतराव्या शतकात लंडनच्या अधिकृत औषधयादीतही त्याचा पाक होता. रक्त काढणे, जुलाब देणे, उलट्या करवणे हे शतकानुशतके चालले. अफू दिली की रोगी शांत व्हायचा, कारण अफूने श्वासच मंदावतो. यात किती गेले त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

आणि आता आपला धोत्रा, जो उकिरड्यावर, रेल्वे लाइनीच्या कडेला उगवतो. मद्रासकडे दमेकरी लोक धोत्रा वाळवून, कुटून चिलमीतून ओढत. तिथले मुख्य सरकारी डॉक्टर अँडरसन यांनी तो जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याला सुचवला. १८०२ च्या सुमारास जेंट यांनी तो ब्रिटनला नेला आणि तिथून तो युरोपभर गेला. पुढे धोत्र्याच्या तयार सिगारेटी निघाल्या, त्या शंभर वर्षांहून अधिक काळ दुकानात विकल्या गेल्या. नाव कमावले विलायतेतल्या डॉक्टरांनी. मद्रासच्या त्या चिलीमवाल्यांचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. हे नेहमीचेच!

धोत्र्याने खरोखर आराम पडायचा. त्यातल्या ॲट्रोपीनसारख्या द्रव्यांनी आवळलेले स्नायू सैल होतात. पण मात्रा जराशी चुकली तर भ्रम होतो, दिसेनासे होते, माणूस दगावतोसुद्धा. एका झाडात विष किती आणि शेजारच्या झाडात किती, ते नजरेने कळत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, हे वाचून कुणीही धोत्र्याला हात लावू नये.

तशीच गत चीनच्या मा-हुआंग वनस्पतीची. ती तिथे दोन हजार वर्षे काढ्यात वापरली जात होती. तिच्यातले एफेड्रीन १८८५ साली जपानच्या नागाई यांनी वेगळे काढले. इंग्लंडचे डॉक्टर साल्टर स्वतः दमेकरी होते. त्यांनी १८६० च्या आपल्या ग्रंथात उपाशीपोटी कडक काळी कॉफी घ्यायला सांगितली. तेही अगदीच खोटे नव्हते, कारण कॉफीतले द्रव्य पुढच्या थिओफायलीन गोळीचेच भावंड. आपल्या अडुळशातल्या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झीन बनले, जे खोकल्याच्या बाटलीवर छापलेले असते.

म्हणजे पंपवाल्यांनी जुन्या वैद्यांना सोडले नाही. त्यांचेच काम पुढे नेले. औषध श्वासावाटे द्यायचे ही कल्पना तीच. फक्त धूर काढून टाकला, विष वगळले आणि मात्रा मोजून दिली. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरता येत नाही? १९५६ मध्ये पंप बाजारात आला.

मात्र धोत्रा, कॉफी, मा-हुआंग हे सगळे फक्त आवळ सोडवत होते. सूज तशीच राहायची, म्हणून दमा पुन्हा पुन्हा उलटायचा. सुजेवरचा पंप १९७२ मध्ये आला. त्यातले स्टेरॉइड गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत थेट नळ्यांत जाते. त्याने सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत येतो तो आजाराचा, पंपाचा नव्हे. नुसता आराम देणारा पंप मारत राहणे पुरेसे नाही, असे २०१९ पासून जगभरचे तज्ज्ञ सांगत आहेत. आपल्याकडचा पंप कोणता, आराम देणारा की सूज उतरवणारा, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. पंप वापरल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही.

लहान मुलांना पंप नीट ओढता येत नाही, त्यासाठी स्पेसर नावाची पोकळ नळी लागते आणि ती महाग पडते, अशी तक्रार बायाबापड्या करतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीला तळाशी पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, पंप बसवून फट सरसाने बुजवली आणि दम लागलेल्या मुलांवर ती वापरून पाहिली. विकतच्या स्पेसरइतकाच गुण आला. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या डॉक्टरांना किंवा सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांना विचारून ही बाटली घरी करता येते.