असं का होतं? : भाजी गरम, इंटरनेट गार!

पनवेलच्या खांदा कॉलनीतला एखादा फ्लॅट. रात्री नऊला स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू होतो आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ अडकून गोल गोल फिरू लागतो. योगायोग? नेहमीच नाही.

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. त्यांचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्‌झचा. मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालतो. त्यातून निसटणाऱ्या किंचित लहरी म्हणजे दोघांच्या गप्पांत शेजारी वाजणारा ढोल. कॉम्प्युटरला शब्द नीट ऐकू येत नाहीत, तो ‘पुन्हा सांग’ म्हणत राहतो आणि वेग घसरतो.

त्यात इमारतीत घरोघरी राउटर. या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाटा, म्हणजे चॅनेल, जेमतेम तीन: क्रमांक १, ६ आणि ११. स्टेशनबाहेरच्या रिक्षांसारखी सगळ्यांची तिथेच दाटी! ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाटा जास्त; पण त्या लहरी काँक्रीटच्या भिंतीपुढे लवकर दमतात.

मग दोष शोधायचा कसा? कॉम्प्युटर केबलने थेट राउटरला जोडून पाहा. सगळं सुरळीत चाललं, तर गुन्हेगार वायफाय. राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, जरा उंच ठेवा. राउटरच्याच खोलीत बसत असाल, तर ५ गिगाहर्ट्‌झ निवडा.

केबल लावूनही अडखळतंय आणि घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचीही तीच गत? मग दोष राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये. आता खुशाल इंटरनेटवाल्याला फोन लावा. भाजी मात्र आधी गरम करून घ्या!