कबड्डीतल्या पोराची पारख

बेल्ह्याच्या बाजारात खोंड घ्यायला आलेला जाणता माणूस आधी त्याचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दुसा आहे की चौसा, हे दातांवरून कळते. मग तो खूर पाहतो, पाठीवर हात फिरवतो आणि चार पावले चालवून बघतो. बैलगाड्याच्या घाटात हा खोंड पुढे कसा पळेल याचा अंदाज तो एवढ्यावरून बांधतो, आणि तोही पुष्कळदा चुकतो. मग सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा अंदाज कसा बांधायचा? त्याचे वय तर दातांवर नसून दाखल्यावर असते, आणि दाखला काय सांगेल याचा नेम नाही!

मी हे लिहितो आहे त्याला कारण आहे. गेली तीन वर्षे जत्रेच्या आणि शिवजयंतीच्या कबड्डी सामन्यांत मी गुणलेखक म्हणून बसतो. माझा एक मित्र चांगला चढाईपटू आहे. त्याला पुण्यातल्या एका संघाकडून सरावाला बोलावणे आले, तेव्हा त्याचे वडील, म्हणजे आमचे नाना, मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस, तूच सांग, हा पोरगा टीव्हीतल्या कबड्डीत जाईल का?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी जे पाहिले, विचारले, ते येथे मांडतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. चांगल्या खेळाडूला रेल्वेत, पोलिसात, बँकेत नोकरी लागली की घरच्यांचे समाधान होत असे. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि भाव बदलला. 2018 च्या लिलावात प्रथमच खेळाडूंच्या बोली कोटीच्या पुढे गेल्या. लिलावाखेरीज 'न्यू यंग प्लेअर्स' या नावाखाली संघ नवोदितांना थेट करारबद्ध करतात. दिल्लीचा नवीन कुमार 2018 मध्ये असाच आला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

आता पारखीकडे वळू. गुणपत्रकावर विसंबणे ही पहिली चूक, हे मी गुणलेखक असूनच म्हणतो. माझ्या कागदावर एखाद्याचे पंधरा गुण दिसतात, पण समोरचा संघ किती कच्चा होता हे त्यात येत नाही. उजव्या कोपऱ्याचा एखादा गडी असा असतो की चढाई करणारे त्याच्या बाजूला फिरकतच नाहीत. सामना संपल्यावर त्याच्या नावापुढे शून्य! प्रत्यक्षात निम्मे मैदान त्याने एकट्याने बंद केलेले असते. जाणते निवडकर्ते म्हणून गुणफलकाकडे कमी आणि पायांकडे जास्त पाहतात. हूल देताना पोराचा तोल जातो का? पकडीचा गडी घाईने पुढे झेपावतो, की चढाईपटू वळेपर्यंत दम धरतो? दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणावाच लागतो. तेव्हा हा तीस सेकंदांत डोके शाबूत ठेवतो का?

दुसरी गोष्ट अंगाची. किशोर गटाला सोळा वर्षे ही मर्यादा, कुमार गटाला वीस वर्षे, आणि दोन्हींना वजनाचीही मर्यादा असते. किशोरांचे मैदान अकरा मीटर लांब व आठ मीटर रुंद असते, कुमारांचे तेरा बाय दहा. पंधराव्या वर्षी ज्याला मिसरूड फुटले तो बरोबरीच्यांना नुसत्या ताकदीने ओढून आणतो. आम्ही टाळ्या वाजवतो. चार वर्षांनी बाकीचेही तेवढेच भरतात आणि याच्याकडे ताकदीशिवाय काही शिकलेले नसते. उलट, जो किडकिडीत पोरगा चवडा धरणाऱ्याच्या हातून केवळ कमरेच्या झोल्याने सुटत होता, त्याला पुढे दहा किलो वजन मिळाले की तो निराळाच खेळाडू होतो. पण ते वजन मिळेल का, आणि मिळाल्यावर चपळाई राहील का, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

तिसरी अडचण मातीची. आपल्याकडे पोरे मातीवर, अनवाणी वाढतात. मोठे सामने मॅटवर, बूट घालून होतात. मॅटवर पाय रोवून झटकन वळता येते, पण त्याचा ताण गुडघ्यावर येतो. मातीवर घसरत मध्यरेषा गाठण्याची सवय तेथे कामाला येत नाही. तालुक्याच्या गावी एक मॅट असती तर ही परीक्षा घरच्या घरी झाली असती.

एवढे पाहूनही जाणते चुकतात. प्रदीप नरवाल 2015 साली बेंगळुरूकडून खेळला तेव्हा त्याची छाप पडली नाही. तो पाटण्याला गेला आणि 2017 च्या एका मोसमात त्याने चढाईचे 369 गुण मिळवले. पवन सेहरावत सुरुवातीला बराचसा बाकावर होता. 2018 मध्ये त्याने 271 गुण घेऊन बेंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई त्याच मोसमात प्रथम चमकला, तेव्हा त्याने पंचविशी ओलांडलेली होती. उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत अठराच्या आसपासची पोरे संघ पाळीपाळीने निवडतात. तेथे पारखी पुष्कळ आणि पैसाही पुष्कळ, तरी 1998 साली पावेल दात्स्युक 171 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे त्या खेळातला मोठा खेळाडू ठरला.

आणि भाव म्हणजे हमी नव्हे. याच पवनला 2022 साली 2 कोटी 26 लाख रुपये मिळाले, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचा मोसम संपला. मोठा खेळाडू अशा वेळी सावरतो. ज्याचा अजून करारही झालेला नाही, त्याच्या पायाचा खर्च घरच्यांवर पडतो. नानांना खरे भय याचेच होते, हे मला उशिरा कळले.

पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 रोजी हरियाणाला 28-25 असे हरवून विजेतेपद घेतले. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला. त्या रात्री आमच्या आळीत फटाके वाजले आणि मित्राच्या घरचा वाद पुन्हा पेटला.

शेवटी मी नानांना माझी वही दाखवली. तीन वर्षांत मुलाच्या चढाया कोणत्या संघांविरुद्ध यशस्वी झाल्या, तिसऱ्या चढाईत तो कितीदा पकडला गेला, सगळे त्यात होते. बलवान संघांसमोर त्याचे गुण निम्म्यावर येतात, हे मी मित्रासमोरच सांगितले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग ठरले ते असे, की त्याने परीक्षा द्यायची आणि सुट्टीत दोन महिने पुण्याला मॅटवर सरावाला राहायचे. सध्या तो अडुसष्ट किलो आहे. दर रविवारी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट तोलण्याच्या काट्यावर उभा राहतो आणि आकडा मला वहीत लिहायला लावतो.