दाब… धर… सोड

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना एकदा माझ्या गाडीचं ब्रेक पेडल बदललं. वर असेपर्यंत ते ताठ होतं. अर्ध्या घाटात ते पायाखाली मऊ पडलं, ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. पुढच्या वळणावर आणखी खाली गेलं. भराभर तीन-चार वेळा पंप मारला तेव्हा थोडं वर आलं. दुसरा गिअर, मग पहिला, हळूहळू हँडब्रेक असं करत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि थांबवली. चाकांजवळ जळका वास होता. तासाभराने पेडल पुन्हा पहिल्यासारखं ताठ झालं, जणू काही घडलंच नव्हतं.

घरी पोचल्यावर आमच्या भागातल्या जुन्या मेकॅनिककडे गेलो आणि म्हणालो, ब्रेकची हवा काढून द्या. त्यांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढून आत पाहिलं आणि म्हणाले, "हवा काढून देतो. पण आधी सांगा, ती आली कुठून?" हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. मऊ पेडल म्हणजे रोग नव्हे, ती तक्रार आहे. ब्लीडिंग, म्हणजे हवा काढणं, हा इलाज आहे खरा. पण निदानाआधी केलेला इलाज माणसाला खोटा धीर देतो.

पेडल ताठ का असतं, ते आधी पाहू. गाडीच्या ब्रेकमागचं तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा त्याचा नियम त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापून आला. मोटारीच्या चाकापर्यंत तो यायला अडीचशे वर्षं लागली. सुरुवातीच्या गाड्यांत पेडलपासून चाकापर्यंत सळ्या आणि तारा असत. एक तार जरा सैल झाली की गाडी एका बाजूला ओढायची. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने तारेऐवजी द्रव वापरायची रचना केली आणि १९१७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते आपल्या गाडीत बसवले आणि चामड्याच्या सिलांऐवजी रबरी सिलं वापरून गळती आटोक्यात आणली. आज पेडलमागच्या मास्टर सिलिंडरमध्ये असतात ती त्याच जातीची रबरं. गॅरेजमध्ये 'किट बदलायचं' म्हणतात ते यांचंच.

आता थोडा हिशोब. समजा, तुम्ही पेडलवर २५ किलोचा जोर दिला. पेडल ही तरफ आहे. तिने तो चौपट केला तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो पडतात. दट्ट्या २० मिलिमीटर व्यासाचा असेल तर दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ किलो. हाच दाब पुढच्या चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या ४८ मिलिमीटरच्या पिस्टनवर पोचला की तिथे जोर होतो जवळजवळ पावणेसहाशे किलो. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत तर यात धरलेलीच नाही.

या सगळ्याला एकच अट आहे, मधला द्रव आकसता कामा नये. मास्टर सिलिंडरचा हा दट्ट्या ३० मिलिमीटर सरकत असेल तर तो एका दाबात जेमतेम साडेनऊ मिलिलीटर द्रव ढकलतो. तेवढ्यात चारही चाकांचं काम भागायचं असतं. आता कुठेतरी एक मिलिलीटर हवा अडकली, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल एवढी. ३२ किलोच्या दाबाखाली ती आकसून तिसाव्या हिश्श्याहूनही लहान होते. म्हणजे पेडलच्या प्रवासाचा दहावा भाग ती हवा चेपण्यात खर्ची पडला. पायाला लागतो तो स्पंज हाच.

तरी प्रत्येक मऊ पेडल हवेमुळे नसतं. म्हणून गाडी उभी करून, सपाट जागेवर, आधी पायाने तपासणी करायची. पेडल लिबलिबीत लागतं आणि पंप मारल्यावर ताठ होतं, तर संशय हवेवर. पेडल खूप खाली जातं पण तिथे पोचल्यावर कडक लागतं आणि दुसऱ्या दाबाला वर येतं, तर मागचे ड्रम पाहा. ब्रेक शू झिजून ड्रमपासून लांब गेले की ते अंतर कापण्यातच अर्धं पेडल संपतं. हँडब्रेक मागच्या शूवरच चालत असेल तर तो एक-दोन दात ओढून पेडल दाबून पाहावं. पेडल वर आलं तर दोष शूच्या अॅडजस्टमेंटमध्ये आहे. अशा गाडीची हवा दहा वेळा काढली तरी फरक पडणार नाही.

तिसरी खूण सगळ्यांत फसवी. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोराने मिनिटभर धरावं. ते पायाखालून सावकाश खाली सरकत असेल तर द्रव कुठेतरी पळतो आहे. चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपच्या सांध्यांना, पेडलच्या वर आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडतो तिथे ओल शोधावी. कुठेच ओल नाही, डबीतली पातळीही कायम, आणि तरी पेडल खचतं, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर झिजलंय आणि द्रव दट्ट्याला वळसा घालून मागे येतोय. याला किट किंवा नवा सिलिंडरच लागतो. आणि चाकांजवळच्या रबरी नळ्या जुन्या होऊन दाबाखाली फुगत असतील, तरी पाय मऊ पेडलचीच तक्रार करतो. दुसऱ्या माणसाला पेडल दाबायला सांगून नळीवर बोटं ठेवली की तो फुगवटा जाणवतो.

माझ्या गाडीत यांतलं काहीच नव्हतं. मेकॅनिकनी डबीतला द्रव दाखवला, तो कोऱ्या चहासारखा झाला होता. नवा द्रव पाण्यासारखा किंवा फिकट मधासारखा असतो. बोलण्यात आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण तो तेलाच्या जातीचा नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव ग्लायकॉल ईथरचे असतात आणि हवेतलं पाणी शोषतात. झाकण बंद असलं तरी रबरी नळ्यांतून ओल थोडी थोडी आत जात राहते. कोकणातले पावसाचे चार महिने काढणाऱ्या गाडीला ती चोरपावलांनी येते. पाण्याने काय होतं ते आकडे सांगतात. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. पाणी सुमारे ३.७ टक्क्यांपर्यंत मुरलं की तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५.

आता घाटाकडे परत या. एक टनाची गाडी १,२०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिच्यात घरच्या तपमानाचं ३५ लिटरहून अधिक पाणी उकळेल. काही भाग वारा घेतो, काही गिअरमध्ये असलेलं इंजिन घेतं, उरलेला ब्रेक. मी वरच्या गिअरात, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होतो. म्हणजे इंजिनचा वाटासुद्धा ब्रेकच्या माथी मारत होतो. कॅलिपर तापले, त्यांच्यातला पाणी मुरलेला द्रव उकळला आणि वाफ झाली. वाफ हवेसारखीच आकसते. गाडी थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव झाला आणि पेडल ताठ झालं. म्हणूनच हा दोष धोक्याचा. तो आपला पुरावा पुसून जातो आणि पुढच्या घाटात परत येतो. बऱ्याच कंपन्या साधारण दोन वर्षांनी द्रव बदलायला सांगतात, त्याचं कारण हेच.

निदान झालं की ब्लीडिंग घरीही करता येतं, पण पेडल दाबून करायचं तर दोन माणसं लागतात. मी ते एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं, जोडीला मुलगी होती. तिला आधीच सांगून ठेवलं, "मी सांगेन तेवढंच करायचं, आणि केलं की मोठ्याने सांगायचं." गाडी सपाट जागेवर, जमिनीवरच्या चाकांना पुढे-मागे दगड, आणि उचललेली गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नये, यात तडजोड नाही. चाक काढल्यावर कॅलिपरवर रबरी टोपीखाली निपल दिसतो. त्याला बरोबर बसणारा रिंग पाना लावायचा. ओपन पान्याने कडा गोल होतात. निपल गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं आणि तरी सुटला नाही तर जोर न लावता गॅरेजला जावं. निपल आत तुटला तर पूर्ण कॅलिपर बदलायची वेळ येते.

क्रम असा, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि मास्टर सिलिंडरही बहुधा त्याच बाजूला, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. पण काही गाड्यांचे ब्रेक कोनाकोनी दोन भागांत जोडलेले असतात आणि त्यांचा क्रम वेगळा असतो. गाडीसोबतच्या पुस्तकाचं ऐकावं. द्रवही त्यात लिहिलेला तोच घ्यायचा, आणि सीलबंद बाटलीतला. गेल्या वर्षीची अर्धी उघडी बाटली म्हणजे पाणी प्यालेली बाटली. पूर्ण द्रव बदलायचा तर अर्धा ते एक लिटर लागतो. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग उचकटतो. डोळ्यांवर चष्मा हवा.

निपलवर पारदर्शक नळी चढवली आणि तिचं दुसरं टोक थोडा नवा द्रव असलेल्या बाटलीत बुडवलं. मग सुरू झालं ते जगभरातल्या गॅरेजांतलं जुनं संभाषण.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

धरलं ऐकल्यावर निपल पाव फेरा सैल केला. द्रव नळीत आला आणि पेडल तिच्या पायाखाली जमिनीकडे गेलं. निपल घट्ट केला. मग म्हणालो, "सोड."

हे तीन शब्द आणि त्यांचा क्रम, कौशल्य इतकंच. निपल उघडा असताना पाय उचलला तर पेडल परत येताना हवा आत ओढू शकतं आणि केलेलं काम वाया जातं. म्हणून 'धरलं' ऐकल्याशिवाय पाना हलवायचा नाही आणि 'सोड' ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळाला जाऊ नये म्हणून खाली लाकडी ठोकळा ठेवतात. मास्टर सिलिंडरमधलं रबर नेहमी जात नाही अशा गंजक्या भागात गेलं की फाटू शकतं.

पहिल्या चार-पाच दाबांना काळपट द्रव आला. मग नळीत एकामागोमाग साबुदाण्याएवढे बुडबुडे दिसले, सिलिंडरमधून निघून वर चढणारे. मुलगी गाडीत बसून ते पाहू शकत नव्हती, म्हणून मी सांगत होतो, "आले… अजून आले… आता बारीक… आता नाही." दर चार-पाच दाबांनी डबीत द्रव भरायचा. डबी रिकामी झाली तर मास्टर सिलिंडरच हवा पितो आणि सगळं पहिल्यापासून. नळीतून बाहेर आलेला द्रव परत भरायचा नाही, कितीही स्वच्छ दिसला तरी.

एकदा एका गॅरेजमध्ये मी एक वेगळंच कोडं पाहिलं. नवे कॅलिपर बसवलेल्या गाडीची तीन वेळा हवा काढली होती, बाटली स्वच्छ, बुडबुडा एक नाही, पण पेडल स्पंजीच. कोणीतरी वाकून पाहिलं तेव्हा निपल खालच्या बाजूला दिसले. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. हवा वर राहते आणि निपल खाली असेल तर द्रव निघून जातो, हवा जागेवरच राहते. कॅलिपर अदलाबदल केले आणि एका फेरीत पेडल ताठ झालं.

घरच्या कामालाही मर्यादा आहे. आताच्या गाड्यांत एबीएस असतं आणि त्याच्या युनिटमध्ये हवा गेली तर त्याचे व्हॉल्व्ह स्कॅनरने चालवल्याशिवाय ती बहुधा निघत नाही. दोन नीट फेऱ्यांनंतरही पेडल मऊ राहिलं, किंवा कुठे ओल दिसली, तर ती गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, टो करून न्यायची. चालवत नेण्याइतके ब्रेक तिच्यात नाहीत, हे पायाने सांगितलेलं असतं.

चौथ्या चाकाचा निपल घट्ट करून टोप्या चढवल्या, चाकं लावली, गाडी जमिनीवर घेतली. इंजिन सुरू केलं आणि मुलीला म्हणालो, "सगळा जोर देऊन धर, मी साठ मोजतो." मी चारही चाकांजवळ वाकून निपल पाहत फिरलो. कोरडे होते. साठ झाल्यावर विचारलं, "खाली गेलं का?"

"नाही बाबा," ती म्हणाली, "मघाशी पाय रुतायचा. आता खाली दगड आहे."

मग रिकाम्या पार्किंगमध्ये, चालण्याच्या वेगाने, गाडी चार वेळा पुढे घेतली आणि चार वेळा थांबवली. पहिल्यांदा मी, मग ती.